वाळवी दिसली? फवाऱ्याचा डबा आधी खाली ठेवा

कागदपत्रांची फाईल वरून अगदी धड दिसत होती. उचलली तेव्हा हलकी लागली, एवढंच. उघडली तर पानांच्या कडा जागच्या जागी, आणि मधोमध वरच्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत खड्डा. खड्ड्याला आतून ओल्या मातीचं लिंपण, आणि त्यात कणीएवढे पांढरट जीव सैरावैरा धावत होते.

त्यानंतर मी जे जे केलं ते सगळं चुकलं. फवाऱ्याचा डबा आणून दिसेल त्यावर मारला, भिंतीवरची माती खरवडली, ओल्या फडक्याने भिंत लख्ख पुसली आणि निवांत झोपले. तीन आठवड्यांनी शेजारच्या खोलीतल्या दाराची चौकट सहज दाबली, तर बोट आत गेलं. तेव्हा बोलावलेल्या कामगाराने पहिला प्रश्न विचारला, "माती कुठून वर चढत होती?" मला सांगता येईना. माग मीच पुसून टाकला होता.

उष्ण, दमट हवेत राहणाऱ्यांना वाळवी कधी ना कधी भेटतेच. पहिल्यांदाच गाठ पडली असेल तर माझ्यासारखी घाई करू नका. तिला मोठं घर पोखरायला महिने-वर्षं लागतात, तुम्ही चार दिवस शोधात घालवलेत तर काही बिघडत नाही.

हाताशी काय हवं

चांगल्या उजेडाची बॅटरी, जुना स्क्रूड्रायव्हर किंवा टोच्या, खडू, भिंग, पांढऱ्या कागदाचे मोठे ताव, फोटो काढायला फोन आणि घराचा हाताने काढलेला साधा नकाशा. किडे जपून ठेवायला झाकणाची छोटी बाटली आणि थोडं स्पिरिट. औषध स्वतः हाताळणार असाल तर रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि रसायनांसाठीचा मास्क. कापडी रुमाल मास्कच्या जागी चालत नाही.

१. आधी ओळख पटवा

'पांढरी मुंगी' हे नाव फसवं आहे. वाळवीचं नातं मुंगीशी नाही, झुरळाशी आहे. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात, तेव्हा हा फरक कामाला येतो. एक किडा पकडून भिंगाखाली धरा. मुंगीची कंबर बारीक असते, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. वाळवीची कंबर जाड, मिशा मण्यांच्या सरळ माळेसारख्या आणि चारही पंख सारख्या लांबीचे.

बाहेरून दिव्यावर आलेले पंखवाले घरात शिरले म्हणून घराला वाळवी लागली असं होत नाही. त्यातले बहुतेक पाली, पक्षी आणि मुंग्यांच्या पोटात जातात. पण खिडक्या-दारं बंद असताना भिंतीच्या भेगेतून किंवा चौकटीतून ते बाहेर पडले, तर गोष्ट वेगळी. पंखवाले निघण्याइतकी वसाहत वाढायला काही वर्षं जातात. म्हणजे जुना बिऱ्हाडकरू आहे.

आता कोणती वाळवी ते पाहा. पुढचा सगळा उपचार यावरच ठरतो.

जमिनीतली वाळवी मातीत राहते आणि खायला घरात येते. तिचं अंग मऊ, उघड्यावर पटकन सुकणारं, म्हणून ती भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या बांधून त्यांतून ये-जा करते. पोखरलेल्या लाकडाच्या आतही माती सापडते. तिच्यातल्या काही जाती तर लाकडावर वारुळात बुरशीची शेती करतात आणि त्या बुरशीवर जगतात. तुमचं कपाट त्यांच्या लेखी नुसतं खत.

कोरड्या लाकडातल्या वाळवीला मातीशी देणंघेणं नसतं. एखाद्या खुर्चीच्या पायात, फोटोच्या चौकटीत अख्खी वसाहत नांदते. ती माती आणत नाही, बारीक छिद्रातून विष्ठा बाहेर ढकलते. फर्निचरखाली जाडसर वाळूसारखी छोटी ढिगोळी दिसते. ती बोटांत चोळली की खरखरीत लागते, आणि भिंगाखाली प्रत्येक दाण्याला सहा बाजू दिसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुणीतरी मोजून कातरल्यासारखे वाटले ते दाणे.

आणि लाकडाला गोल, टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडून त्यांतून पिठासारखा मऊ भुगा गळत असेल, तर ती बहुधा वाळवी नाहीच. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचं काम आहे ते. अशा वेळी घराभोवतीच्या जमिनीत औषध ओतून पैसे घालवणारे लोक मी पाहिले आहेत.

२. माग काढा, पुसू नका

बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडा. समोरून न दिसणारे उंचवटे सावलीमुळे लगेच कळतात. भिंत आणि फरशीचा सांधा, चौकटींचे खालचे कोपरे, न्हाणीघराची बाहेरची बाजू, सिंकखालचं कपाट, विजेच्या वायरींचे पाइप भिंतीत शिरतात ती जागा, आणि हलवायला जड म्हणून वर्षानुवर्षं न हललेल्या कपाटाची मागची बाजू, हे सगळं बघा. वाळवीला आत यायला मिलिमीटरभर रुंदीची भेगही लागत नाही. काँक्रीट ती खात नाही, पण त्यातल्या भेगांतून आरामात येते.

लाकूड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाजवत जा. पोखरलेल्या जागी आवाज एकदम बदबद येतो. कधी रंगाला सुरकुती पडलेली असते, कधी तो पाण्याने फुगल्यासारखा दिसतो. त्याखाली लाकूड नसतं, नुसता रंगाचा पापुद्रा असतो.

नळी सापडली की तिच्या मधलाच दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा हळूच काढा, खालचं-वरचं तसंच ठेवा. आत कोणी असेल तर क्षणभरात कामकरी वाळवी दोन्हीकडे पळते आणि पिवळसर-तपकिरी डोक्याचे दोन-चार सैनिक भगदाडाच्या तोंडाशी येऊन उभे राहतात. थोडा वेळ थांबलात तर कामकरी परततात आणि मातीचा एकेक कण लाळेने चिकटवत भोक बुजवायला लागतात. खडूने शेजारी तारीख लिहा, फोटो काढा, चार दिवसांनी पुन्हा बघा. नळी दुरुस्त झालेली दिसली तर वाट चालू आहे. दुरुस्त झाली नाही म्हणजे वाळवी गेली असं मात्र समजू नका, तिने दुसरी वाट धरलेली असू शकते.

सापडलेली प्रत्येक जागा नकाशावर मांडा. ठिपके बहुतेक वेळा एका रांगेत येतात, आणि ती रांग कुठेतरी ओलीकडे जाते. माझ्या घरात ती न्हाणीघराच्या भिंतीकडे गेली.

वरच्या मजल्यावर राहता म्हणून निर्धास्त असाल तर एक सांगते. काही जातींना कायम ओल मिळाली, गळका पाइप किंवा गच्चीतून झिरपणारं पाणी असलं, की जमिनीशी संबंध न ठेवता भिंतीच्या पोकळीतसुद्धा घरटं करता येतं. तिथे तळमजल्यावर ओतलेलं औषध पोचत नाही.

३. ओल तोडा

या पायरीला कुणालाच उत्साह नसतो, कारण इथे औषध नाही, नुसती कामं आहेत. तरी माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

गळणारे नळ, पाइप आणि फरशीचे सांधे दुरुस्त करा. पावसाचं पाणी भिंतीच्या पायाशी साचू देऊ नका, उतार बाहेरच्या बाजूला हवा. एसीचं पाणी भिंतीलगत ठिबकत असेल तर पाइप लांब न्या. बाहेर भिंतीला टेकून रचलेली माती, पालापाचोळा, सरपण, जुन्या फळ्या हटवा. जोतं मातीतून वर उघडं दिसलं पाहिजे. ते झाकलं गेलं तर वाळवी तुमच्या नजरेआडूनच आत शिरते. भिंतीवर चढवलेल्या वेलींचंही तेच. घर बांधताना सेंटरिंगच्या फळ्यांचे तुकडे, खुंट्या मातीत तशाच गाडल्या जातात. अंगण खणताना असे तुकडे सापडले तर एकूणएक काढा. ते पुरलेलं आमंत्रण असतं.

बागेतल्या झाडाच्या सालीवर मातीचा थर दिसला म्हणून झाड तोडायला निघू नका. पुष्कळदा खाली फक्त मेलेली साल खाल्ली जात असते. थर झाडून टाका आणि लक्ष ठेवा.

घरात जमिनीवर पुठ्ठ्याची खोकी ठेवायची सवय मोडा. पुठ्ठा म्हणजे तिला अन्न आणि आडोसा एकाच जागी. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, म्हणजे हवा खेळेल आणि बॅटरीही आत जाईल.

४. जमिनीतल्या वाळवीचा बंदोबस्त

दोन मार्ग आहेत: जमिनीत औषधाचा पट्टा तयार करणं, किंवा आमिष ठेवणं.

पट्ट्याच्या कामात भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत साधारण १२ मिलिमीटर व्यासाची भोकं ३० सेंटिमीटर अंतराने पाडतात, औषधाचं पाणी खालच्या मातीत मुरवतात आणि भोकं सिमेंटने बुजवतात. बाहेरच्या बाजूने पायाला लागून चर खणून तिथेही औषध देतात. अंतर पाळलं नाही तर मधली माती कोरडी राहते, आणि वाळवीला तेवढी फट पुरते. काम चालू असताना मी स्वतः टेप घेऊन उभी होते. दोन ठिकाणी भोकांमध्ये हातभर अंतर निघालं. कपाट हलवायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

औषधांत एक फरक समजून घ्या. बायफेन्थ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी औषधं वाळवीला हुसकावतात, ती तिथून लांब राहते. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड यांचा तिला वासच लागत नाही. ती त्यातून जाते, अंगाला लागलेलं इतरांना देते आणि मग मरते. चालू असलेल्या वाळवीसाठी मला दुसरा प्रकार पटतो, कारण हुसकावलेली वाळवी बिनऔषधाची फट शोधत फिरते. दुकानातला फवारा मारल्यावर माझ्याकडे बहुतेक हेच झालं असावं.

आमिषात लाकडाच्या लगद्यासारखं खाद्य असतं आणि त्यात हेक्साफ्लुम्युरॉनसारखं, कात टाकू न देणारं औषध. कामकरी ते खातात, वसाहतीत वाटतात, आणि कात टाकायची वेळ आली की मरतात. म्हणून परिणामाला आठवडे, कधी महिनेही लागतात. या काळात त्या आमिषाजवळ दुसरा कुठलाही फवारा मारायचा नाही. लोक धीर सोडून मारतात, वाळवी आमिष सोडून जाते आणि दोष आमिषावर येतो.

घरात विहीर, जमिनीखालची पाण्याची टाकी किंवा माशांची टाकी असेल तर काम ठरवतानाच सांगा. फिप्रोनिल आणि बायफेन्थ्रिन माशांना फार विषारी आहेत. न्हाणीघरात ड्रिल मारण्याआधी फरशीखाली वॉटरप्रूफिंग आहे का आणि भिंतीत वायर-पाइप कुठून गेलेत ते विचारा. नाहीतर वाळवी जाईल आणि गळती येईल, म्हणजे तिसऱ्या पायरीवर परत.

रॉकेल, डिझेल, जळकं इंजिन ऑइल ओतायचा सल्ला कोणीतरी देणारच. ज्या किड्यावर पडतं तो मरतो हे खरं, पण घरटं शाबूत राहतं, आणि घरात आगीला निमंत्रण मिळतं. करू नका. तसंच कुणी आल्ड्रिन किंवा क्लोर्डेन 'जुनं, जालीम औषध' म्हणून आणून दिलं तर घराबाहेर काढा. ती २००१ च्या स्टॉकहोम करारातल्या बंदीच्या पहिल्याच यादीत आहेत, कारण ती माती, पाणी आणि शरीरात वर्षानुवर्षं टिकून राहतात.

५. फर्निचरमधली कोरडी वाळवी

इथे जमिनीत औषध ओतून काहीही उपयोग नाही. आधी वस्तू वेगळी करा, खाली पांढरा कागद अंथरा आणि सगळे दाणे झटकून टाका. आठ-दहा दिवसांनी कागद बघा. वस्तू हलवल्याने जुने दाणेही गळतात, म्हणून या काळात तिला हात लावायचा नाही. कागदावर नवी ढिगोळी आली तर आत जिवंत वसाहत आहे.

एखाद-दुसऱ्या वस्तूत छिद्रांतून सुईने औषध सोडता येतं, पण ते आतल्या सगळ्या पोकळ्यांत पोचलं पाहिजे. लाकूड वाजवून पोकळ जागा खडूने आखा आणि गरज पडेल तिथे बारीक भोकं पाडा. लहान वस्तू, चौकटी, पुस्तकं यांना गोठवण्याचा उपाय उत्तम: प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत प्लास्टिक उघडू नका, नाहीतर वस्तूवर पाणी सुटतं.

उन्हात ठेवण्याबद्दल विचाराल तर पातळ फळीला फायदा होतो, जाड लाकडाला फारसा नाही. वाळवी मरायला लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५० अंशांच्या आसपासचं तापमान किमान अर्धा तास टिकावं लागतं. भर उन्हातल्या पलंगाच्या पायाचा वरचा थर तापतो, वाळवी आत सरकते.

घरभर पसरली असेल तर घर पूर्ण झाकून सल्फ्युरिल फ्लोराइड वायू सोडतात. तो प्राणघातक आहे. प्रशिक्षित, परवानाधारक लोकांखेरीज कुणीही त्याला हात लावू नये. शिवाय वायू निघून गेला की मागे काहीच संरक्षण राहत नाही, पुढच्या मोसमात नवी जोडी येऊ शकते.

६. कंत्राट देण्याआधी कागदावर घ्या

तोंडी हमीला काही अर्थ नाही. हे सगळं लेखी मागा:

- परवान्याची प्रत
- वाळवी कोणत्या प्रकारची आहे हे तपासून लिहिलेला अहवाल
- औषधाचं घटकनाव, पाण्यातलं प्रमाण आणि डब्यावरच्या लेबलचा फोटो
- भोकं कुठे पाडणार त्याचा नकाशा, आणि काम झाल्यावर किती लिटर मिश्रण वापरलं ते
- हमी किती काळाची, वाळवी परत आली तर फुकट काय करणार, आणि कशाने हमी रद्द होते

शेवटचा मुद्दा नीट वाचा. बाहेरच्या औषध दिलेल्या मातीत नंतर वाफा खणला की पट्टा तुटतो, आणि पुष्कळ हमीपत्रांत बारीक अक्षरांत हे लिहिलेलं असतं. तपासणी न करता फोनवरच दर सांगणाऱ्याला मी घरात घेत नाही. डबा तुमच्यासमोर उघडायला आणि मिश्रण तुमच्यासमोर करायला सांगा. त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही.

७. नवं लाकूड घेताना

सागवान म्हटलं की लोक डोळे मिटतात. सागाच्या गाभ्याचं लाकूड वाळवीला दाद देत नाही हे खरं, पण सालीलगतच्या फिकट लाकडाला ते संरक्षण नसतं. चौकटीत तो फिकट पट्टा आला की नेमका तेवढाच खाल्ला जातो. प्लायवुडवर 'वॉटरप्रूफ' लिहिलंय म्हणजे वाळवी लागणार नाही असंही नाही. तो गोंदाचा गुण आहे, लाकडाचा नाही.

सुताराचं काम चालू असतानाच जाऊन बघा. समोरून लॅमिनेट चकचकीत असतं, पण पाठ, तळ आणि कापलेल्या कडा कोऱ्या सोडलेल्या असतात. वाळवी तिथूनच येते. या कोऱ्या भागांना रंग किंवा पॉलिश लावण्याआधी बोरेटचं (वाळवीपासून लाकूड वाचवणाऱ्या बोरॉनच्या क्षाराचं) द्रावण ब्रशने दोन वेळा द्या. ते कोऱ्या लाकडातच मुरतं, रंगावरून लावलं तर वाया. पावसात भिजणाऱ्या बाहेरच्या लाकडाला मात्र उपयोग नाही, धुऊन जातं.

जुनं फर्निचर विकत घेतलंत तर तीन-चार आठवडे बाकी सामानापासून लांब, पांढऱ्या कागदावर ठेवा. घर बांधायला काढलंत तर फरशी घालण्याआधी पायाच्या मातीला उपचार करून घ्या. नंतर भोकं पाडत बसण्यापेक्षा ते कितीतरी सोपं पडतं.

८. तारखा लिहून ठेवा

वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पाऊस संपल्यावर, बॅटरी घेऊन तीच फेरी तोच नकाशा हातात धरून मारा. जुन्या नळ्यांचे अवशेष उपचारानंतर काढून जागा साफ करा, म्हणजे नवी नळी लगेच ओळखू येते. पोखरलेल्या चौकटीत लांबी भरून रंग देण्याआधी स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. भार पेलणारं लाकूड असेल तर ते भरायचं नसतं, बदलायचं असतं.

माझ्या कपाटाच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेल्या पाच तारखा आहेत. कागदपत्रं आता पत्र्याच्या पेटीत, पेटी भिंतीपासून चार बोटं दूर. न्हाणीघराच्या बाहेरच्या कोपऱ्यात गेल्या फेरीत बोटभर लांबीची नवी नळी दिसली. मधला तुकडा काढला, शेजारी तारीख घातली, आणि हमीपत्रावरच्या नंबरवर फोन केला.